साध्या पाण्याची नळी

१

व्यंकटरावांच्या बोटातली अंगठी सोन्याची होती, हे अख्ख्या सेनगावाला ठाऊक होतं. पौषात तिरडी बांधताना ती बोटातून ओढून काढली, तर चांदीसारखी पांढरी निघाली.

एक तर माणूस गेलेला, त्यात हे. चाळीस वर्षं महादेवाच्या पूजेला बसताना ज्या बोटात सोन्याचं पवित्रक होतं, त्यात भलतंच काही निघालं म्हटल्यावर लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग पायरीशी पदर तोंडात धरून बसलेल्या धुरपताबाईकडे. तांड्यावरून रोज सकाळी दूध घेऊन येणारी ती. व्यंकटरावांची बायको गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या घरात रोज येणारं बाहेरचं माणूस ते काय तेवढंच. बोट दाखवायला लोकांना असा कितीसा वेळ लागतो.

सरोजिनीबाईंना हे सगळं सविस्तर कळलं ते चैत्रात, त्याच घराच्या ओसरीवर बसून. व्यंकटराव त्यांचे थोरले भाऊ. भाऊ गेला तेव्हा त्या मांडीचं हाड मोडून नांदेडच्या दवाखान्यात पडल्या होत्या. सख्ख्या भावाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. आता काठी टेकता येऊ लागल्यावर वसमतहून दोन एसट्या बदलून आल्या, ते पुतण्याचा फोन आला म्हणून.

"आत्या, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला," नचिकेत म्हणाला. पुण्याला नोकरी करणारा हा एकुलता एक मुलगा तीन महिन्यांत निम्मा झाला होता. "बाबांच्या मूत्रपिंडात पारा सापडला. माझा प्रयोग बरोबर होता. सोमवारी ठाण्यात जबाबावर सही करतोय. फौजदार म्हणाले, सही झाली की बाईला आत घेतो."

हा शनिवार होता.

त्याचा प्रयोग म्हणजे खरं तर सरोजिनीबाईंचाच. वसमतच्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि शाळाशाळांतून एक प्रयोग करून दाखवला. पोरं त्याला हळदीकुंकवाचा प्रयोग म्हणायची. कच्ची तूर कुटायची, पाण्यात कालवून गाळायची, त्यात चिमूटभर युरिया टाकायचा आणि हळदीचा कागद बुडवायचा. तुरीत एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. ते युरियाचा अमोनिया करतं, आणि अमोनिया लागला की पिवळा कागद कुंकवासारखा लाल होतो. पण त्यात पारा मिसळला असेल, तर विकर गप्प बसतं आणि कागद पिवळाच राहतो. आई गेल्यावर नचिकेत सुट्टीत आत्याकडे यायचा, तिच्या नळ्या धुवायचा, आणि कागद लाल झाला की टाळ्या पिटायचा.

"बाबा गेले त्या दिवशीचं दूध पातेल्यात होतं," नचिकेत म्हणाला. "घरचीच तूर कुटली, घरचीच हळद. कागद पिवळा राहिला. मग तुला फोन केला, आठवतं?"

सरोजिनीबाईंना आठवत होतं. ऑपरेशनची भूल पुरती उतरली नव्हती. पोरगं फोनवर रडत होतं, 'आत्या, पिवळा राहिला तर?' आणि त्यांनी सांगितलं होतं, 'पिवळा राहिला तर विष.' एवढंच. त्या एका वाक्यावर देवळातल्या तातेरावांनी कर्ण्यावरून सगळ्या गावाला बजावलं होतं की धुरपताबाईचं दूध कुणी घेऊ नये.

"नळ्या किती लावल्यास?"

"दोन. दोन्हीत दूध. दोन्ही पिवळ्या."

सरोजिनीबाईंच्या मनात काहीतरी खुपलं, पण नेमकं काय ते तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यांनी अंगठी मागितली, पिशवीतली कानस काढली आणि अंगठीच्या पोटातून एकदा ओढली. पांढऱ्याखाली पिवळीधमक रेघ उमटली.

"ही तीच अंगठी आहे, नचू. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. चोरी झालेलीच नाही."

नचिकेत रेघेकडे बघत राहिला. "चोरी नसेल. पण पारा तर होता ना?"

होता. आणि अकरा वर्षं दूध घालणाऱ्या बाईनं तो घातला नसेल, तर कुणी घातला, हे सोमवारच्या आत सांगायला हवं होतं.

२

सरोजिनीबाईंनी आधी भावाचं घर बघितलं. व्यंकटरावांचं सोवळं कडक. बायको गेल्यावर स्वयंपाक स्वतःच करायचे, दार लोटून. थंडीत खिडकीही बंद. मूठभर तूर निवडायची, लोखंडी कढईत खमंग भाजायची, भरडायची आणि तिचं वरण करायचं, हा त्यांचा रोजचा परिपाठ. त्या भाजक्या तुरीच्या वासावर सरोजिनीबाईंचं लहानपण गेलं होतं. कढई चुलीशेजारी पालथी घातलेली दिसली आणि बाईंना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळल्या.

रोजचा अभिषेक कुणाचा, त्याचं नाव व्यंकटराव तारखेच्या चौकटीत लिहून ठेवायचे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. दिवाळीपर्यंत सगळी नावं एका ओळीत उभी होती. दिवाळीनंतर पंधरवड्याभरात अक्षराला कंप सुटला, मार्गशीर्षात नावं चौकटीबाहेर जाऊ लागली, आणि पौषात तर नुसत्या रेघोट्या होत्या.

"हात थरथरायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, माणसं नको वाटायची," नचिकेत म्हणाला. "फोनवर तुटक बोलायचे. मला वाटलं, वय झालं. शेवटी दम लागला तेव्हा हिंगोलीला नेलं. वाफाऱ्याचं औषध दिलं, घरी आणलं आणि चौथ्या दिवशी गेले."

"आणि वैद्य?"

"अनिरुद्ध वैद्य गोळ्या द्यायचे. काळ्या."

वैद्यकीत पाऱ्याच्या भस्माच्या गोळ्या असतात हे कुणाला सांगायला नको. सरोजिनीबाई काठी टेकत बसस्टँडजवळच्या दवाखान्यात पोचल्या. अनिरुद्ध वैद्य चाळिशीचे, बोलायला गोड. व्यंकटरावांचं नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मी कंपवातावरच्या गोळ्या दिल्या. विकतच्याच, माझ्या हातच्या नाहीत."

"त्यात पारा आहे?"

वैद्यांनी कपाटातलं पुडकं काढून वाचलं. "पुडक्यावर तरी लिहिलेला नाही. पण खरं सांगू? रिपोर्ट आल्यापासून मला झोप नाही. धुरपताबाईला गाव नावं ठेवतंय आणि मी गप्प बसलोय. उद्या माझी गोळी निघाली, तर मी काय तोंड दाखवू?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालंय खरं. गोळ्या द्या मला चार."

वैद्यांनी निमूट दिल्या. मग त्यांनी रोग्यांची वही उघडून दाखवली. व्यंकटराव पहिल्यांदा आले ते मार्गशीर्षात, आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पंधरा दिवसांपासून हस्तकंप'.

म्हणजे हात कापायला लागले ते गोळ्या सुरू होण्याच्या आधी. पण वहीत नंतरही लिहिता येतं, हे सरोजिनीबाईंना कळत होतं. त्यांनी गोळ्या पदराला बांधल्या.

३

दुपारी त्यांनी ओसरीवर काचेचे ग्लास मांडले. स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यातली मूठभर तूर कुटली, पाणी गाळून घेतलं, एका ग्लासात वैद्यांची गोळी विरघळवली. नचिकेत शेजारी बसून बघत होता. वीस मिनिटांनी कागद बुडवला.

पिवळाच राहिला.

"म्हणजे वैद्य," नचिकेत उठून उभा राहिला. "आत्या, म्हणजे दोघं मिळून."

"खाली बस."

चौतीस वर्षांची सवय हाताला होती. बोलता बोलता त्यांनी दुसरा ग्लास कधीच भरला होता. त्यात काही घातलं नव्हतं. तूर, युरिया आणि माठातलं पाणी, बस्स. कुठलाही प्रयोग करताना एक नळी साध्या पाण्याची ठेवायची, तिच्यात काय होतं ते आधी बघायचं, मग बाकीच्यांवर बोलायचं. कॉलेजात त्या ही नळी मागच्या खोलीत आधीच लावून बघायच्या. पोरांपुढे आणायच्या त्या रंगीत गमतीच्या नळ्या. नचिकेतनं ती नळी कधी पाहिलीच नव्हती. सकाळी मनात खुपलं होतं ते हेच.

त्यांनी साध्या पाण्यात कागद बुडवला. वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास.

साध्या पाण्यातला कागदही पिवळाच होता.

"माठात पण विष?" नचिकेत म्हणाला. "आपण सकाळपासून तेच पाणी पितोय."

"पाण्यात नाही रे." सरोजिनीबाईंचा आवाज खोल गेला होता. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुरीतलं विकरच काम करत नाहीये. दूध घाल, गोळी घाल, गंगाजळ घाल, कागद पिवळाच राहणार."

"तूर जुनी असेल. किडकी असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांनी डबा पुढे ओढला, चष्मा पुसला आणि ओंजळभर तूर उन्हात धरली. दाण्यांवर करडी भुकटी होती. राखेसारखी, पण राखेपेक्षा जड. भावाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याला ती कुठून दिसणार. रोज सकाळी त्यानं याच दाण्यांतून अंगठीचा हात फिरवून खडे निवडले होते. मग हेच दाणे तापल्या कढईत टाकले होते, खिडकी लावून, दार लावून. पारा पोटात गेला तर फारसा बाधत नाही. तापवून त्याची वाफ हुंगली, तर माणूस खंगत जातो.

सरोजिनीबाईंनी झाकण लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. ओंजळ साबणानं तीनदा धुतली. नचिकेतला सांगितलं की दारं-खिडक्या सताड उघड आणि कढईला हात लावू नकोस.

"डब्यात काय आहे, आत्या?"

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. कारण दिवाळीला या घरात कोण आलं होतं, हे त्यांना आठवलं होतं, आणि ते खोटं ठरावं अशी त्यांची फार इच्छा होती.

४

रविवारी सकाळी त्या जीपनं तांड्यावर गेल्या. धुरपताबाई दारात बसून गोधडीला टाके घालत होती. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. दाराशी खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं होतं. तिनं उठून बाज टाकली.

"तुमी म्हाराजांच्या बहीन. तोंडावळा हाय तसाच," ती म्हणाली, आणि आतल्या लेकीला हाक दिली, "मिना, चहा ठीव."

मिनानं कोरा चहा आणून दिला. सरोजिनीबाईंनी बशीत ओतला.

"धुरपताबाई, दिवाळीत आमच्या घरी काय काय झालं, ते सांगाल?"

धुरपताबाईनं सुई गोधडीत खोचली. "तीन म्हयने झाले. पोलिस येऊन गेले, नचूदादा येऊन गेले. समदे इचारतात दुधाचं. दुधात काय टाकलं, काहून टाकलं, कुनाच्या सांगन्यावरून टाकलं. दिवाळीचं कुनी इचारलंच न्हाई."

"मी विचारते."

"तुरीला किडा लागला व्हता. म्हाराजांना दिसत न्हवता. पाडव्याच्या दिवशी नचूदादा म्हनले, मावशी, पाखडून द्या. म्या वसरीवर बसून समदी तूर पाखडली. पाखडाया चालत व्हतं मला, सैपाकघरात तेवढं जाया चालत न्हवतं." हे ती सरळ सांगत होती, टोमणा म्हणून नव्हे. "मंग दादांनी पुडी काढली. पाऱ्याच्या गोळ्या. आमच्याकडं बी टाकतात लोक, फडक्यात बांधून, डब्याच्या तळाला. म्या म्हनलं, फडकं देऊ का. तर म्हनले, कुटून टाकतो, म्हंजी दान्यादान्याला लागंल. खलात कुटल्या अन् हातानं कालवल्या. बापाची लई काळजी पोराला. म्हनले, मावशी, आता बाबांना किडे निवडाया नको."

सरोजिनीबाईंनी बशी खाली ठेवली. फडक्यात बांधून तळाला टाकल्या असत्या, तर निदान दाण्यादाण्याला लागल्या नसत्या. पोरानं माया केली आणि मायेपोटी खलबत्ता घेतला.

मग एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली, जिची त्यांना पुढे कायम लाज वाटली.

"धुरपताबाई, गोळ्या माझ्या भावानंच टाकल्या होत्या असं मी सांगितलं तर? तो आता नाही. तुम्ही सुटाल. आणि पोरगं... त्याला हे कळलं तर ते जगायचं कसं?"

धुरपताबाईनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

"म्हंजी अजून एक खोटं," ती म्हणाली. "तुमचं लेकरू ते लेकरू. माझी मिना न्हाई व्हय? तिची सोयरीक मोडली. ईखवालीची पोरगी म्हनतात तिला. म्या सुटन, बाई. पन गावाच्या मनात माझं दूध ईखाचंच राहील. म्हाराजांनी अकरा साल पेलं ते."

"मग काय करू, सांगा."

"कर्न्यावरून बोलले व्हते. आता कर्न्यावरूनच सांगा. अन् दुसऱ्या कुनी न्हाई, नचूदादानं सांगावं."

५

सोमवारी दहा वाजता फौजदार शंकरसिंग व्यंकटरावांच्या ओसरीवर आले. सरोजिनीबाईंनी निरोप धाडला होता, सही घ्यायला ठाण्यात बोलावू नका, घरी या, आणि येताना तुमच्या घरची पसाभर तूर आणा.

"मॅडम, तूर कशाला?" शंकरसिंगांनी पुडी पुढे केली. "आमच्या घरी कडुलिंबाचा पाला टाकतात त्यात. चालेल ना?"

"त्याच्याइतकं चांगलं काही नाही."

धुरपताबाईलाही बोलावलं होतं. ती पायरीशी बसली, नेहमीच्या जागी. नचिकेतनं तिच्याकडे पाठ केली.

"नचू, नळ्या तू लाव," आत्या म्हणाली. "लहानपणी लावायचास तशा."

"आत्या, आता कशाला हा खेळ?"

"लाव."

तिचं म्हणणं त्यानं कधी मोडलं नव्हतं. त्यानं चार ग्लास मांडले. पहिल्यात फौजदारांची तूर आणि साधं पाणी. दुसऱ्यात फौजदारांची तूर आणि फ्रिजच्या बर्फात पौषापासून पुरावा म्हणून जपलेलं दूध. तिसऱ्यात डब्यातली तूर आणि साधं पाणी. चौथ्यात तेच, आणि व्यंकटरावांच्या औषधांच्या खोक्यातली वाफाऱ्याची एक कुपी. कुपी फोडताच नासक्या अंड्यासारखा वास आला.

"हा वास गंधकाचा," सरोजिनीबाई फौजदारांना सांगू लागल्या, पण बघत होत्या पुतण्याकडे. "तुरीतल्या विकराला गंधकाची टोकं असतात. त्यांना सल्फहायड्रिल म्हणतात. त्या टोकांशिवाय त्याचा हात चालत नाही. पारा येतो आणि नेमकं ते टोक धरून बसतो. विकर मरत नाही, त्याचे हात बांधले जातात. आपल्या शरीरातही असली विकरं आहेत, यकृतात, मूत्रपिंडात, मज्जातंतूंत. पारा तिथंही हेच करतो. दादाचे हात त्यानंच कापत होते."

"आणि ही कुपी?"

"हिच्यातही तीच गंधकाची टोकं आहेत, पुष्कळ. पारा विकराला सोडून हिच्याकडे धावतो. तूर जुनी असेल, किडकी असेल, भाजलेली असेल, तर ही कुपी घालून काही उपयोग नाही. मेलेलं उठत नाही. बांधलेलं असेल तरच सुटतं."

अर्ध्या तासानं नचिकेतनं चार कागद बुडवले.

पहिला लाल झाला. दुसरा, दुधातला, तोही लाल झाला. शंकरसिंग पुढे वाकले. "यानी दूध साफ?"

"दूध चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून चांगलं होतं."

तिसरा पिवळा राहिला. आणि चौथा, कडेपासून हळूहळू, लाल होत गेला.

"म्हणजे पारा डब्यात," शंकरसिंग म्हणाले. "डबा मी सील करून पाठवतो. पण मॅडम, टाकला कुणी?"

सरोजिनीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावं लागलं नाही. नचिकेत कागदांकडे बघतच नव्हता. तो चिकटपट्टी लावलेल्या डब्याकडे बघत होता. मग त्यानं दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले.

"मी कुटून टाकल्या होत्या, आत्या," तो म्हणाला. "नीट मिसळाव्यात म्हणून."

"हो रे राजा."

"दुकानदारानं किड्याच्या गोळ्या म्हणून दिल्या, पाऱ्याच्या म्हटलंच नाही. म्हणाला होता, धान्य धुऊन घ्यायचं. मी बाबांना सांगितलं होतं. सांगितलं होतं ना?" तो धुरपताबाईकडे वळला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याशी नीट बोलला होता.

"सांगितलं व्हतं," धुरपताबाई म्हणाली. "पन भाजायची तूर कुनी धुत न्हाई, दादा."

नचिकेत तिथंच खाली बसला. मोठ्या माणसाला तसं रडताना सरोजिनीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मोडलेल्या हाडाच्या बाजूलाच, आणि दुखत होतं तरी हलवलं नाही. शंकरसिंगांनी टोपी काढून हातात घेतली. असा मामला त्यांच्या नोकरीत आला नव्हता. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "बेटा, याला खून नाही म्हणत. हादसा म्हणतात. मी वर तसंच लिहीन."

"मी बाईंना काय काय बोललो," नचिकेत म्हणत होता. "काय काय बोललो मी."

६

संध्याकाळच्या आरतीनंतर तातेरावांनी कर्णा लावून दिला. त्यांनी नुसता माइक पुढे केला आणि ते बाजूला झाले. गावात बातमी पोचली होतीच, तरी माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. पारावर वैद्य उभे होते. धुरपताबाई देवळाच्या बाहेर रस्त्याकडेला थांबली होती, मिनाचा हात धरून.

नचिकेतनं माइक धरला. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला.

"मी नचिकेत व्यंकटराव बोलतोय. धुरपताबाईंचं दूध चांगलं होतं. त्यात काही नव्हतं. अंगठी सोन्याचीच आहे, ती कुणी बदलली नाही. माझे वडील पाऱ्यानं गेले. तो पारा तुरीच्या डब्यात होता आणि तो मी टाकला होता. किडा लागू नये म्हणून. धुरपताबाईंवर मी आळ घेतला, तो खोटा होता. त्यांनी मला माफ करावं, असं म्हणायचं माझं तोंड नाही. फक्त गावानं ऐकावं."

त्यानं माइक खाली ठेवला. तातेराव बटण बंद करायला पुढे आले, तशा सरोजिनीबाई काठी टेकत उठल्या आणि त्यांनी माइक आपल्याकडे घेतला.

"मी व्यंकटरावांची बहीण. माझंही ऐका. पोरानं फोनवर विचारलं होतं, कागद पिवळा राहिला तर काय समजायचं. मी म्हणाले, विष. साध्या पाण्याची नळी लावलीस का, एवढं मी विचारायला हवं होतं. चौतीस वर्षं शिकवलं मी, आणि त्या दिवशी ते विचारलं नाही. धुरपताबाई, यात माझाही वाटा आहे."

कर्णा बंद झाला. लोक लगेच हलले नाहीत. कुणी धुरपताबाईच्या जवळ जायला धजत नव्हतं, आणि आपापल्या घरात शिरायलाही कुणाचा पाय निघत नव्हता. शेवटी समोरच्या घरातली सखुबाई, जिनं पौषात पहिल्यांदा दुधाचं भांडं गटारात उपडं केलं होतं, ती हातात तेच भांडं घेऊन पायऱ्या उतरली. खाली मान घालून धुरपताबाईपुढे उभी राहिली.

"उद्यापासून घालशील का गं दूध? शेरभर?"

धुरपताबाईनं भांड्याकडे पाहिलं. सरोजिनीबाई देवळाच्या पायरीवर होत्या, त्यांना सगळं दिसत होतं, आणि तांड्यावरचा कोरा चहा त्यांना तेव्हा आठवला.

"न्हाई बाई," धुरपताबाई म्हणाली. "कोनी घेईना, तर किती दिस वतून देऊ? म्हैस माघातच इकली."

फाट्याकडे जाणारी जीप हॉर्न देत होती. तिनं मिनाला पुढे घातलं आणि दोघी जीपकडे चालू लागल्या.